आईच्या शेतात सौर पंप अन् गिरणीवर पॅनल: सरकारचे पैसे नेमके कशाला मिळतात? (काटोल, जि. नागपूर)

संत्रावाला_काटोल

नमस्कार मंडळी. माझ्या नावावर तीन एकर संत्रा आहे. विहीर जुनी, महावितरणचं ५ एचपीचं कनेक्शन, बिल सध्या शून्य येते. दुसरा तुकडा सव्वादोन एकराचा, तो आईच्या नावावर, नाल्याच्या पलीकडे. तिथं बोअर मारून ठेवला आहे पण लाइन नाही. विहिरीवरून पाइप ओढून पाणी नेतो. आंबिया बहर धरला की एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे पुरत नाही.

गावात घराला लागून पिठाची गिरणी आहे, १० एचपीची मोटर, बाजूला मिरची-हळदीचं कांडप. गिरणीचं बिल महिन्याला साडेचार-पाच हजार. घराचं मीटर वेगळं आहे.

एक एजन्सीवाला येऊन गेला. म्हणतो, शेत, घर, गिरणी, तिन्हीकडे सबसिडीत सोलर बसवून देतो, आधी फाइलचे वीस हजार द्या. गिरणीसाठी ५ किलोवॅटचं त्याचं कोटेशन अडीच लाखांचं आहे, "त्यातले ७८ हजार परत येतात" म्हणे. हे खरं आहे का? आणि माझ्या विहिरीवरही सौर पंप घेऊन टाकावा का?

लाइनमनकाका

भाऊ, पहिले ते वीस हजार खिशात ठेवा. सौर पंपाचा अर्ज महावितरणच्या पोर्टलवर स्वतः भरता येते, आणि शेतकऱ्याचा हिस्सा तिथंच ऑनलाइन भरायचा असतो. कोणाच्या हातात नाही, कोणाच्या फोनवर नाही. मी उभी नोकरी सावनेर-कळमेश्वरच्या खांबांवर काढली, म्हणून सांगून राहिलो.

तुमचे तीन मीटर म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत. एजन्सीवाला त्याची एकच खिचडी करून राहिला.

आईचं शेत: "मागेल त्याला सौर कृषी पंप" त्यासाठीच आहे. सर्वसाधारण गटाला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. बाकीचं केंद्र आणि राज्य देते. ३ एचपीला तुमचा वाटा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाईल. मात्र अडीच एकरापर्यंत ३ एचपीच मिळते. त्यापुढं पाच एकरापर्यंत ५ आणि पाचच्या वर साडेसात. कमी एचपीचा मागता येते, जास्तीचा नाही.

तुम्ही म्हणाल ३ मध्ये काय होते! हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर एकरी ११० झाडं, म्हणजे तुमची अडीचशे. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दीडशे लिटर धरा. रोजचे साडेसदतीस हजार लिटर झाले. हे पाणी ३ एचपी देईल की नाही ते बोअर किती फूट खोल यावर नाही, पंप चालू असताना पाणी किती फुटांवर थांबते यावर आहे. दीडशे फुटांवर थांबत असेल तर चिंता नाही. अडीचशेच्या खाली जात असेल तर त्याच पॅनलवर पाणी निम्म्याच्या आसपास येईल. ड्रिपचा एक किलो दाब म्हणजे वरून आणखी दहा मीटर चढ, तोही मोजा. आणि ढगाळ दिवशी पंप रडतोच, एक टाकी असलेली बरी.

तुमची विहीर: हात लावू नका. साडेसात एचपीपर्यंतचं शेतीचं बिल बळीराजा योजनेत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं सरकार भरून राहिलं. शिवाय कनेक्शन चालू असलेल्या पंपाला ही सौर योजना लागू नाही. रात्रीच्या लाइनचा त्रास मला माहीत आहे, रोही आणि डुकरांच्या राज्यात दारं धरायला जाणं सोपं नाही. पण हातची लाइन सोडून सूर्यावर एकट्यावर बसू नका.

घर: तिथं ७८ हजार खरे आहेत. पीएम सूर्यघर, फेब्रुवारी २०२४ पासून. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६०, ३ आणि त्याच्या वर कितीही लावा, ७८ वरच थांबते. पण फक्त घरगुती मीटरला. गिरणीच्या मीटरला एक रुपया नाही. तो पठ्ठ्या बहुतेक घराच्या मीटरवर पॅनल दाखवून वायर गिरणीत टाकणार असेल. तसं कराल तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. आम्हीच पंचनामे केले आहेत असे.

भिवापूरची_ताई

दादा, आमच्या बचत गटाचं मिरची कांडप आहे, म्हणून गिरणीबद्दल बोलते.

आम्हीही आधी सोलरच्याच मागे होतो. मग कळलं, लहान प्रक्रिया उद्योगाला सरकार पैसा देते तो यंत्रासाठी. पीएमएफएमई म्हणतात त्या योजनेला. बँकेचं कर्ज घेतलं तर प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. गटाच्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंतही मिळतात. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून जिल्हा संसाधन व्यक्तीचा नंबर घ्या, प्रकल्प अहवाल तेच करून देतात. तुमचं पल्व्हरायझर, म्हणजे मिरची-हळद दळायचं यंत्र, जुनं असेल तर आधी तेच बदला. आमच्याकडे जुनी मोटर काढल्यावर तेवढ्याच मिरचीला वीज कमी लागायला लागली, छतावर एकही पॅनल न लावता.

दुसरं, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. लाइन गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडते. भर उन्हात, पॅनल तापलेले असतानाही! खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. आमच्या शेजारच्या तेलघाणीवाल्यानं लोडशेडिंगवर उपाय म्हणून बसवलं आणि पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला.

संत्रावाला_काटोल

ताई, माझा अर्धा जीव तिथंच अडकला होता. मला तर लाइन गेल्यावर गिरणी चालायला हवी होती! बॅटरी लावली तर?

काका, घराच्या मीटरचं तुम्ही बरोबर ओळखलं. तो तसंच म्हणाला होता, "एकाच भिंतीचं तर काम आहे."

लाइनमनकाका

१० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, आणि सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. तेवढी बॅटरी अन् इन्व्हर्टर घ्याल तर गिरणी विकावी लागेल.

बिलासाठी म्हणाल तर सबसिडीशिवायही गणित जमते. ५ किलोवॅट, किलोवॅटमागे रोज चार युनिट धरले तर महिन्याचे सहाशे. बिल बरंचसं उतरेल, अडीच लाख साधारण पाच वर्षांत निघतील. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर जीएसटी १२ चा ५ टक्के झाला आहे, कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा. नेट मीटर (लाइनला दिलेली अन् घेतलेली वीज दोन्ही मोजणारं) गिरणीच्याच कनेक्शनवर घ्या आणि मंजूर भारापेक्षा मोठा संच लावू नका.

बरड_जमीन

संत्र्याच्या जमिनीला नाही म्हणत, पण कोणाची पडीत जमीन महावितरणच्या वीज उपकेंद्राजवळ असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी भाड्यानं देता येते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. आमच्याकडचा मुरूम कधी इतका पिकला नव्हता.

भिवापूरची_ताई

दादा, पंप बसल्यावरचंही ऐका. माझ्या भावाच्या शेतातलं स्टँड मे महिन्याच्या वावधानात उलटलं. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराकडेच असतो, पण तो फोन उचलेना. शेवटी पोर्टलवर फोटोसहित तक्रार टाकली तेव्हा माणूस आला. पुरवठादार यादीतून तुम्हालाच निवडायचा असतो, तर ज्याचा मेकॅनिक काटोल-नरखेडमध्ये राहतो तो निवडा. स्वस्त-महाग पाहण्यासारखं त्यात काही नाही, तुमचा हिस्सा ठरलेलाच आहे.

संत्रावाला_काटोल

आईच्या नावानं अर्ज भरायला घेतला. सातबाऱ्यावर बोअरची नोंदच नाही. शिवाय त्या गटात मोठ्या काकांचंही नाव आहे, ते पुण्याला मुलाकडे असतात. अडेल का?

लाइनमनकाका

दोन्ही ठिकाणी अडेल. बोअरच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे आजच अर्ज द्या, पाण्याच्या स्रोताशिवाय फाइल पुढं सरकत नाही. काकांचं संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर लागेल. ते महालक्ष्मीला गावाकडे येतात का? येत असतील तर तेव्हाच सही घेऊन ठेवा. आणि पाणी किती फुटांवर थांबते ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

संत्रावाला_काटोल

दोर सोडून पाहिलं काका. एकशे ऐंशीवर थांबते.

लाइनमनकाका

मग ३ एचपी घ्या, एक दिवसाआड अर्धी-अर्धी बाग भिजवा.