ऑटिस्टिक माणसं स्वतःला दिव्यांग समजतात का?

निळी_शाई: मी 34 वर्षांची, पुण्यात आयटीत आहे, या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा, विचार करा. घरी आई म्हणते, चांगली कमावतेस, तुला कशाला पाहिजे अपंगाचं कार्ड. मला स्वतःलाच ठरवता येत नाहीये. दिवसभर ऑफिसात कोड लिहिते, मीटिंगा करते, आणि घरी आले की तोंडातून शब्द फुटत नाही, कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही. जे स्वतः ऑटिस्टिक आहेत ते सांगाल का, तुम्ही स्वतःला दिव्यांग म्हणता? आणि मी कार्ड काढलं तर ज्यांना खरी गरज आहे त्यांचं काही हिरावून घेतल्यासारखं होईल का?

गोदाकाठ: मी म्हणतो. फॉर्मवर पण आणि लोकांना पण. ब्रिटनमधल्या दिव्यांगांच्या चळवळीने 70 च्या दशकात मांडलं की माणसाला अडवतो तो समाज, जिने अडवतात, नियम अडवतात. ते मला बरंचसं पटतं, ऑफिसातला गोंगाट कमी केला तर माझं अर्धं आजारपण जाईल. पण सगळं नाही पटत. सुट्टीच्या दिवशी घरात एकटा असतो, भूक लागलीय हे कळत असतं आणि तरी दोन दोन तास उठून ताट वाढून घेता येत नाही, तिथे कोण आलंय मला अडवायला? आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या मला म्हणून जवळची वाटते, त्यात माणसातली दीर्घकाळची कमतरता आणि बाहेरचे अडथळे दोन्ही धरलेत.

साधी_वही: मी नाही म्हणत. कॉलेजला आहे, निदान लहानपणीच झालंय. शाळेत सगळे मला दुरुस्त करायच्या मागे होते, डोळ्यात बघ, हात हलवू नको, आणि आता कुठे मला वाटायला लागलंय की मी असाच आहे आणि ठीक आहे. दिव्यांग म्हटलं की परत ते दुरुस्तीवाले आठवतात. दादा तुमचं चुकीचं आहे असं नाही म्हणत, माझं माझ्यापुरतं सांगितलं.

अर्णवची_आई: माझा मुलगा 19 चा, बोलत नाही, टॅबवर टाइप करतो. अंघोळीपासून रस्ता ओलांडण्यापर्यंत कोणीतरी सोबत लागतं. बाळा तुझ्या शाळेबद्दल वाचून वाईट वाटलं, तुझं तू ठरव. पण ऑटिझम हे अपंगत्व नाहीच, नुसता वेगळेपणा आहे असं जेव्हा लोक सरसकट लिहितात तेव्हा मला फार लागतं, कारण उद्या कोणी तेच ऐकून याची मदत काढून घेतली तर आम्ही जायचं कुठे?

आणि निळी शाई, हिरावून घेण्याचं मनातून काढ गं. सरकारी नोकरीतला 1 टक्का राखीव कोटा इतर गटांबरोबर वाटून घ्यावा लागतो हे खरं, पण तू तिथे अर्जच करत नाहीयेस. जुन्या आयकर पद्धतीत असशील तर अपंगत्वासाठी 75 हजारांची वजावट मिळते, त्याने माझ्या मुलाचं काही कमी होत नाही. उलट तुझ्यासारख्या मुली नोंदीत आल्या तर ऑटिझम म्हणजे फक्त लहान मुलं हा डॉक्टरांचाही समज जाईल.

चष्मेबहाद्दर: कार्डाचं प्रॅक्टिकल सांगते, मी काढलंय. तपासणीला आयएसएए नावाची ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी वापरतात, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 च्या खाली आलात तर ऑटिझम नाही असाच शेरा, आणि दाखल्यावर 40 टक्के अपंगत्व मिळाल्याशिवाय बरेचसे फायदे नाहीत. ते मुलांकडे बघून बनवल्यासारखं आहे, आपण नीट बसून हसून उत्तरं दिली की गुण कमीच पडणार. त्यामुळे लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी सोबत न्या आणि घरी आल्यावर काय होतं ते आधी लिहून ठेवा, तिथे सुचत नाही. ऑफिसचं म्हणाल तर खाजगी कंपनीलाही त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, एचआरकडे ते मागा.

निळी_शाई: काकू, तुमचं वाचून रडले. आईला दाखवलं, ती म्हणाली मी येते सोबत. लहानपणी मी पाहुणे आले की कपाटात जाऊन बसायचे ते तिलाच नीट आठवतंय. दिव्यांग हा शब्द अजून माझ्या तोंडून निघत नाहीये पण अर्ज भरायला घेतलाय. चष्मेबहाद्दर, जन्मापासूनची माहिती कुठल्या कागदावर द्यायची असते, साधं हाताने लिहिलेलं चालतं का?