अनुभव धागा : मुलगा मिशनवर परदेशात, घर कोल्हापुरात. संपर्क कसा ठेवता?

धागा उघडताना

मिशनचा इतिहास कोल्हापुरात आपण नेहमी येणाऱ्यांच्या बाजूनं ऐकतो. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या कॉलेजांतून परदेशी मिशनसाठी तरुण गोळा करणाऱ्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला. तेव्हा घरची ख्यालीखुशाली बोटीनं यायची. आता आपल्याकडची मुलं फादर, ब्रदर, पाळक, ब्रह्मचारी होऊन केनिया, पेरू, फिलिपीन्स, पापुआ न्यू गिनीपर्यंत जातात आणि हातात मोबाइल असूनही बोलणं जमत नाही, अशी घरोघरी तक्रार असते.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी लिहावं. नेमकं काय करता, कुठं अडतं, का अडतं, एवढंच. मुलाचं नाव आणि तो तिकडं राहतो तो पत्ता, गाव इथं टाकू नका. वर आपल्या नावाच्या जागी फक्त इकडची पेठ किंवा गाव लिहा. काही देशांत धर्मकार्याच्या व्हिसावर बारीक नजर असते.

नागाळा पार्क

सगळ्यात आधी मुलाच्या संस्थेचा दिनक्रम आणि नियम लिहून घ्या. 'फोन उचलत नाही' यातले निम्मे प्रसंग नियमामुळेच घडतात.

जेझुइटांच्या (कॅथलिक फादर-ब्रदरांचा एक संघ) सुरुवातीच्या दोन वर्षांच्या नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रत घेण्याआधीच्या तयारीत, तीस दिवसांची मौन साधना असते. पुढंही दरवर्षी आठ दिवसांची असते. त्या काळात फोन बंद. तारखा त्याला आधी माहीत असतात, त्या विचारून कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा आणि आजीलाही सांगून ठेवा. लॅटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन चर्च) मुलांचं मिशन २४ महिन्यांचं. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना आठवड्याच्या तयारीच्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी कॉल वर्षातून दोनच, नाताळला आणि मातृदिनाला. इस्कॉनच्या मंदिरात पहाटे साडेचारला मंगल आरती, म्हणजे तिथल्या रात्री नऊनंतर फोन लावणं त्याची झोप मोडणं आहे.

रविवारी आपल्याला सवड असते, म्हणून आपण रविवारीच फोन लावतो. फादरचा तोच सगळ्यात कामाचा दिवस. दोन-तीन वस्त्यांवर मिस्सा (चर्चची उपासना), मध्ये कच्च्या रस्त्यावरचा प्रवास. सोमवार मागून घ्या. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आणि नाताळच्या आधी आठ-दहा दिवस त्याच्याकडून फक्त एका ओळीची अपेक्षा ठेवा.

कसबा बावडा

वेळेचं गणित भिंतीवर चिकटवून ठेवा. केनिया, टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं. झांबिया साडेतीन तास मागं. फिलिपीन्स अडीच तास पुढं, पापुआ न्यू गिनीची राजधानी साडेचार तास पुढं. पेरू साडेदहा तास मागं, म्हणजे आपले सकाळी साडेसात वाजले की त्याच्याकडं आदल्या रात्रीचे नऊ. पेरूसाठी हीच वेळ उत्तम, दोन्ही घरं जागी असतात.

युरोप-अमेरिकेत घड्याळ बदलतं, तिथं घोळ होतो. इटली हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. युरोपचा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेचा मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळं मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा दोन्हीकडचं नेहमीचं अंतर जुळत नाही. एक मुलगा रोमला आणि दुसरा अमेरिकेत असेल तर तिघांचा एकत्र कॉल या आठवड्यांत ठरवू नका.

आणखी एक. केनिया-टांझानियात स्वाहिली बोलणारे गावकरी तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. मिशनच्या स्वयंपाक्यानं किंवा वॉचमननं फोन उचलून 'तीन वाजता करा' सांगितलं तर ते सकाळचे नऊ किंवा रात्रीचे नऊ असू शकतात. त्याला दिवस की रात्र, हे विचारूनच फोन ठेवा.

उत्तरेश्वर पेठ

आमचा भर व्हॉइस मेसेजवर आहे आणि सगळ्यांनी तो ठेवावा असं मनापासून सांगते. मिशनच्या गावात वीज बहुतेक वेळा सोलरची, नेट टॉवरला वारा लागेल तसं. व्हिडिओ कॉल तुटत राहतो आणि सगळा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जातो. दोन-तीन मिनिटांचा मेसेज अगदी थोड्या डेटात जातो, रेंज आली की आपोआप उतरतो आणि तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

मेसेजमध्ये एकच विषय ठेवा. वीस मिनिटांचं सलग बोलणं पाठवलं तर मुलगा 'रात्री निवांत ऐकतो' म्हणतो आणि ते राहून जातं. सोमवारी आईचा, बुधवारी बाबांचा, शुक्रवारी आजीचा, असे वार वाटून घ्या. शेवटी एक छोटा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल. 'कसा आहेस' ला उत्तर 'बरा आहे' एवढंच येतं. 'काल कुठल्या वस्तीला गेला होतास' ला खरं काहीतरी येतं. आणि घरात बोलता तसंच बोला, लै शुद्ध बोलायला जाऊ नका. वर्षभर इंग्रजी, स्वाहिली नाहीतर स्पॅनिशमध्ये काम करणाऱ्या पोराला घरची बोली कानावर पडणं ही मोठी गोष्ट आहे.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटण दोन्हीकडं चालू करा आणि त्याच्या फोनमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करायला सांगा. नाहीतर भाऊबंदांच्या ग्रुपवरच्या सुप्रभातमध्ये त्याचा महिन्याचा पॅक संपतो. अमिरातीत व्हॉट्सअॅपचे कॉल चालत नाहीत आणि चीनमध्ये अॅपच बंद असतं. तिकडं जाणाऱ्यानं विमानात बसायच्या आधी ईमेलची सवय लावून घ्यावी.

आजरा

पार्सलबद्दल सविस्तर लिहितो, कारण पैसे इथंच वाया जातात.

कांदा-लसूण मसाला पाठवायचा असेल तर डंकावर कुटायला देतानाच त्याचा वाटा वेगळा काढा आणि त्यात खसखस घालू नका. अमिराती, सिंगापूर, सौदीसारख्या देशांत खसखशीला बंदी आहे आणि मसाल्यात मिसळली तरी ती खसखसच. खोबरं आणि तेलही कमी, कारण तेल पिशवीतून झिरपून खोक्याचा पुठ्ठा मऊ करतं. डंकातून आलेला मसाला गरम असतो. रात्रभर कापडावर पसरून पूर्ण गार करा, मगच भरा, नाहीतर आत वाफ धरून गाठी होतात आणि बुरशी येते. पाव-पाव किलोच्या पिशव्या, मशीननं सील, वर दुसरी पिशवी. काचेची बरणी आणि तेलातलं लोणचं नको. गूळ ढेपेचा नको, पावडर पाठवा. सुकं मटण किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ बहुतेक कस्टमला अडतो. ऑस्ट्रेलियात बिया, दूध-पदार्थ, कढीपत्ता यांची फार कडक तपासणी असते. न लिहिता पाठवलं तर दंड होऊ शकतो.

भडंग सगळे पाठवतात आणि कुरिअरचं बिल बघून चकित होतात. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० नं भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं ७.२ किलोचं धरलं जातं, आत भडंग तीन किलोच असलं तरी. भडंग पाठवायचंच तर लहान खोक्यात, मसाल्याच्या पिशव्यांच्या फटीत भरा.

रमणमळ्याच्या मुख्य पोस्टात जाताना खोकं उघडं न्या, तपासून झाल्यावर तिथंच बंद करा. सोबत आधारची झेरॉक्स. कस्टमचा फॉर्म सीएन २२ किंवा जास्त किमतीला सीएन २३. त्यात नुसतं 'मसाला' लिहू नका, 'मिरची आणि मसाल्याची पूड, घरगुती वापरासाठी' असं इंग्रजीत लिहा. किंमत शून्य लिहिली की संशय येतो, खरी लिहा. पावतीवरचा तेरा अक्षर-अंकांचा नंबर जपून ठेवा. पार्सल देशाबाहेर गेलं की तोच नंबर त्या देशाच्या पोस्टाच्या साइटवर चालतो.

पत्त्याची गोम अशी की आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी आणि पापुआ न्यू गिनीत टपाल घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येतं. पोस्टाला बॉक्स नंबर चालतो, कुरिअरला चालत नाही, त्यांना रस्ता, खूण आणि चालू फोन नंबर लागतो. दोन्ही वेगवेगळे लिहून घ्या. पार्सल सोडवताना ड्युटी आणि हाताळणीचे पैसे तिथं त्याला भरावे लागतात. त्याच्याकडं स्वतःचे पैसे नसतात, तिथल्या मिशनच्या घराच्या खजिनदाराकडं मागावे लागतात. म्हणून पाठवण्याआधी विचारा, अचानक सुखद धक्का देऊ नका.

स्वतःचं काही न ठेवण्याचं व्रत असतं, त्यामुळं घरून आलेली वस्तू तिथल्या सगळ्या घराची होते. सहाजण राहत असतील तर सहाजणांना पुरेल असं पाठवा, म्हणजे त्याला संकोच वाटत नाही.

इचलकरंजी

कागदपत्रांचं थोडक्यात. त्याचं भारतातलं सिम चालू ठेवा. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो आणि मग बँकेचा ओटीपी परक्याच्या हातात. व्हॉट्सअॅपही १२० दिवस न वापरल्यास खातं काढून टाकतं.

अनिश्चित काळासाठी बाहेर गेला असेल तर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायला हवं. पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून भारतीय दूतावासात नूतनीकरण करता येतं. चौकशीला पोलीस इकडच्या पत्त्यावर येऊ शकतात, तेव्हा घरी कुणीतरी असावं आणि त्यांना मुलाचा जुना पासपोर्ट नंबर सांगता यावा. जमिनीच्या कामासाठी त्यानं तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं तर दूतावासाची साक्षांकनाची मोहोर किंवा अॅपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा दाखला) हवं आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांकित करून घ्या. या तीन महिन्यांकडं दुर्लक्ष होतं आणि तलाठ्याकडं जायच्या वेळी कागद परत येतो.

शुक्रवार पेठ

पुराच्या दिवसांची वेगळी पद्धत ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तिकडं बसलेली मुलं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा मोबाइलवर बघत असतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पण ४३ म्हणजे आपल्या गल्लीत काय, हे त्याला माहीत नसतं. तुमच्या दारात पाणी किती फुटाला येतं तो आकडा त्याला जूनमध्येच कळवा. पूर आला की घरातून एकानंच कळवायचं, बाकी कुणी नाही. मेसेजमध्ये चार गोष्टी : पातळी, आम्ही कुठं आहोत, चार्जिंग किती, पुढचा मेसेज किती वाजता. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यामुळं तो मधल्या वेळेत शांत राहू शकतो. कॉल लागत नसताना साधा एसएमएस जातो. पुण्यात किंवा पाण्याबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडं त्याच्या वरिष्ठांचा नंबर देऊन ठेवा.

गडहिंग्लज

अवघड विषय आहे, पण लिहायलाच हवा. घरात कुणी गेलं तर.

मुलगा घरी असतानाच त्याच्याशी आणि आईवडिलांशी हे बोलून ठेवा : थांबायचं की नाही आणि किती. नैरोबीहून मुंबईला थेट विमान आहे, पुढं रात्रीची बस किंवा विमान, जमलं तर दीड दिवसात पोचतो. पेरू किंवा पापुआ न्यू गिनीहून दोन दिवस धरा. आपल्याकडं दफन बहुतेक दुसऱ्या दिवशीच होतं. थांबायचं ठरलं तर शवागाराची सोय लगेच बघावी लागते.

तो निघू शकतो का, हे तीन गोष्टींवर ठरतं. एक, पासपोर्ट हातात आहे का? तिथं राहण्याच्या परमिटच्या नूतनीकरणाला तो तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात पडलेला असतो. दोन, परत जाण्याची परवानगी व्हिसात आहे का? तीन, पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड. केनिया, युगांडा, काँगो, पेरू, ब्राझीलहून येणाऱ्याकडं ते नसेल तर मुंबईत विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून ऐनवेळी टोचून उपयोग नाही. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं.

बातमी त्याला थेट देऊ नका. आधी त्याच्या वरिष्ठांना फोन करा, ते त्याच्याजवळ जाऊन बसतील, मग तुम्ही बोला. हजार मैलांवर एकट्यानं खोलीत ऐकायची ही गोष्ट नाही. येणं शक्य नसेल तर प्रार्थनेतला एक उतारा त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून मागवा आणि चर्चमध्ये लावा. थेट प्रक्षेपण एकाच माणसाकडं द्या, फोन स्टँडवर, पाळकांच्या जवळ. दफनभूमीत रेंज कमी असते, म्हणून शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा.

नागाळा पार्क

गडहिंग्लजच्या दादांनी लिहिलं त्याला एक जोड. प्रांताच्या कार्यालयात, म्हणजे संस्थेच्या भारतातल्या प्रांतप्रमुखाकडं (प्रोव्हिन्शियल), घरचे दोन नंबर आहेत का आणि ते चालू आहेत का, हे वर्षातून एकदा फोन करून बघा. बदली झाली की यादी नवी होते आणि जुनाच नंबर राहतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही माहीत असू द्या. मुलगा अडचणीत असेल तर तक्रार घरचे इथूनही नोंदवू शकतात.

लक्ष्मीपुरी

आजऱ्याच्या काकांना विचारायचं होतं, औषधं पाठवता येतात का? आजी खोकल्याचं औषध पाठव म्हणते.

आजरा

खोकल्याचं पातळ औषध नकोच. गळतं, आणि त्यात कोडीन (अफूवर्गातलं द्रव्य) असेल तर अमिरातीसारख्या देशात गुन्हा ठरतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. रोजच्या गोळ्या असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत, तारीख अलीकडची, आणि जेवढे दिवस लिहिलेत तेवढ्याच. त्याआधी त्याला तिथल्या मिशनच्या दवाखान्यात तेच औषध मिळतं का विचारायला सांगा. आजीला सांगा, सुंठ पावडर पाठवू, ती कोरडी असते आणि मसाल्याच्याच पिशवीशेजारी बसते.