ड्राइव्हवे उखडू की पॅच मारू? (ट्रक यायच्या आधी ठरवायचंय)

प्रेषक: मनू

मंडळी नमस्कार,
दोन कोटेशन्स हातात आहेत आणि डोकं चालेनासं झालंय. एकजण म्हणतो भेगा भरतो, वर दोन इंच डांबराचा थर टाकतो, साडेचार हजार डॉलर. दुसरा म्हणतो पूर्ण उखडायचं, खडीपासून नवीन, अकराच्या वर. ड्राइव्हवे डांबरी आहे, २००४ चा, म्हणजे घराएवढाच. गॅरेजच्या दारासमोर खचलाय, पाणी तिथेच साचतं, आणि खाली रस्त्याकडे सगळी भेगांची जाळी झालीये, तुकडे हलतात.
मंडळाचं मखर, प्लायवूड, समया आमच्याच गॅरेजात आहेत, त्यामुळे गणपतीच्या आदल्या शनिवारी ते न्यायला ट्रक येणार म्हणजे येणार. आमच्या घरातलं मत असं की यंदा हातच लावू नका, पण पाणी आता दाराखालून आत यायला लागलंय. अलीकडे कोणी केलंय का? प्लीज या आठवड्यात सांगा, दोघांच्याही तारखा भरत चालल्यात.

प्रेषक: नाना

मनू, दर दोन वर्षांनी सीलकोट, म्हणजे डांबरावर फासायचा काळा थर, मारला असतास तर ही वेळच आली नसती. मी स्वतः बादल्या आणून मारतो, उन्हाळ्यातला एक वीकेंड जातो. माझा ड्राइव्हवे तुझ्यापेक्षा जुना आहे आणि गेल्या कोजागिरीला सगळ्यांनी बघितलाय. साडेचारवाला घे आणि पुढे सीलकोट चुकवू नकोस. अकरा हजारांत माणूस भारतात जाऊन येतो सहकुटुंब.

प्रेषक: बापूकाका

नाना, सीलकोटने ऊन आणि तेलापासून वरचा थर वाचतो, खालची खडी खचली असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.
मनू, नीट वाच. सुट्या लांब भेगा असतील तर गरम रबराचं फिलर भरून वर्षं निघतात, त्यात काही वाईट नाही. पण जाळी होऊन तुकडे हलतायत म्हणजे बेस, खालचा खडीचा थर, गेला. भेगेतून पाणी खाली उतरतं, इथल्या शिकागोच्या थंडीत गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, डांबर उचलतं, मार्चमध्ये वितळलं की खाली चिखल आणि त्यावरून तुझी गाडी रोज दोनदा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघ, चाक गेल्यावर भेगेतून गढूळ पाणी वर आलं तर मला फोटोसुद्धा पाठवू नकोस, समजून जा. तसल्या जागी वर थर टाकलास तर त्याच भेगा दोनेक हिवाळ्यांत वर येतात.
आणि दुसरं, जे तो साडेचारवाला सांगणार नाही: दोन इंच वर टाकले की ड्राइव्हवे गॅरेजच्या फरशीपेक्षा उंच होईल. आत्ता पाणी दाराखालून येतंय, मग सरळ आतच वाहील, मखरासकट. त्याला विचार की दाराशी लेव्हल कशी जुळवणार, आधी खरवडून काढणार का. उत्तर ऐकूनच माणूस कळतो.
गटाराचा पाइप, म्हणजे छपरावरून उतरणारा, तो कुठे सुटतो? घर बांधताना पायाच्या कडेने जी माती परत भरतात ती बिल्डर धड दाबत नाहीत, त्यामुळे गॅरेजसमोरच खचतं, त्यात छपराचं पाणी तिथेच सोडलेलं असलं तर विचारूच नको.

प्रेषक: कोषाध्यक्ष

फक्त एक खुलासा, नंतर गैरसमज नको. मनूने असं काही लिहिलेलं नाही हे मला मान्य, पण मागच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये ट्रकमुळेच ड्राइव्हवे खचला अशी जी चर्चा झाली ती माझ्या कानावर आलीच. गेल्या वर्षीचा ट्रक ड्राइव्हवेवर चढवला तो घरमालकाच्या संमतीने आणि मंडळाचा विमा हॉलपुरता आहे. बापूकाकांनी वर कारणं दिलीच आहेत, त्यात ट्रक कुठेही नाही.

प्रेषक: बापूकाका

कारणांत ट्रक नाही असं मी म्हटलेलं नाही. बेस धड असता तर ट्रकने काही झालं नसतं, बेस गेलेला असेल तर शेवटचा धक्का ट्रकचाही असू शकतो. माझं नाव हिशेबात ओढू नका.

प्रेषक: शॉमबर्गच्या वहिनी

आम्ही डांबर काढून काँक्रीट केलं, दिसायला छान, पण पहिल्याच हिवाळ्यात यांनी बर्फ वितळायला सढळ हाताने मीठ टाकलं आणि वरचा पापुद्रा सुटायला लागला. नव्या काँक्रीटवर पहिला हिवाळा मीठ नको, वाळू टाका, आणि मिक्समध्ये हवेचे बुडबुडे असलेलं काँक्रीट आहे ना हे लेखी घ्या, इथल्या थंडीत ते लागतंच. कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले, म्हणाला मीठ तुम्ही टाकलंत. शिवाय गाडी आठवडाभर बाहेर, आणि पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, म्हणजे तुझ्या ट्रकच्या तारखेत बसणं कठीण.
मनू, आणखी एक. दारावर येऊन "शेजारच्या कामाचं डांबर उरलंय, स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्याला उभा करू नकोस, आमच्या गल्लीत एका आजींना तसंच गंडवलंय, पातळ काळा थर फासला आणि रोख घेऊन पसार. इलिनॉयमध्ये हजार डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीला लेखी करार लागतो आणि ग्राहकाच्या हक्कांचं पत्रकही द्यावं लागतं. शेवटचा चेक देताना लीन वेव्हर (घरावर पैशांचा हक्क सांगणार नाही असं लेखी) घ्यायला विसरू नकोस, नाहीतर त्याने खडीवाल्याचे पैसे थकवले तर खडीवाला तुझ्या घरावर बोजा चढवू शकतो.

प्रेषक: नाना

काँक्रीट नको, डांबर नको, मग करायचं काय माणसाने? पुण्यात जंगली महाराज रोड बघा, १९७६ चा, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली होती आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं खड्डा नाही. डांबरच ते. इथे अकरा हजार मोजून गॅरंटी किती? एक वर्ष! काम करणाराच चांगला पाहिजे, बाकी सगळ्या गप्पा.

प्रेषक: बापूकाका

जे. एम. रोडखाली जमीन गोठते का नाना? इथे शिकागोकडे पाया ४२ इंच खाली नेतात, कारण तिथपर्यंत गोठू शकते म्हणून. काम चांगलं होतं हे शंभर टक्के मान्य. पण चांगलं काम म्हणजे नुसतं डांबर नाही, खालचा थर आणि पाण्याला वाट. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

प्रेषक: अदिती

फक्त नानांच्या सीलकोटबद्दल. बादलीवर कोल टार (कोळशापासूनचं डांबर) लिहिलंय का बघा प्लीज, त्यातली रसायनं कॅन्सरशी जोडलेली आहेत आणि धूळ बुटांना लागून घरात येते. मिनेसोटात २०१४ पासून राज्यभर बंदी आहे, ऑस्टिन शहराने तर २००६ मध्येच आणली. अ‍ॅस्फाल्ट इमल्शनवालं, कोल टार नसलेलं, मिळतं. कोजागिरीला मुलं अनवाणी पळत होती तिथे.

प्रेषक: नाना

अदिती, मुलं अनवाणी पळत होती कारण त्यांच्या आयांनी बूट घातले नव्हते. बादली बघतो.

प्रेषक: ताई (कार्यकारिणी)

सगळ्यांना नम्र विनंती, या लिस्टवर कॉन्ट्रॅक्टरची नावं टाकू नयेत, केटररच्या वेळचं रामायण सगळ्यांना आठवत असेल. नावं एकमेकांना खासगीत द्या. मखर कुठे ठेवायचं हा विषय मखर समितीचा आहे, इथे त्यावर चर्चा नको. आणि विषय बदलला की सब्जेक्ट लाइन बदला, निम्मे लोक अजून हे ड्राइव्हवेसाठी उघडतायत.

प्रेषक: शॉमबर्गच्या वहिनी

मखर कुठे ठेवायचं हे समितीने ठरवलं असतं तर ते तीन वर्षं एकाच घरात राहिलं असतं का? मी फक्त विचारतेय.

प्रेषक: मनू

बापूकाका, रविवारी पाऊस झाला, सोमवारी बघितलं. खालच्या भागात गढूळ पाणी वर येतंय. गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात छपराचा पाइप सुटतो, अगदी खचलंय तिथेच. मधला मोठा पट्टा मात्र ठीक आहे, दोनतीन लांब भेगा, तुकडे हलत नाहीत.
साडेचारवाल्याला लेव्हलचं विचारलं तर म्हणाला "इट विल बी फाइन", त्याला सोडला. दुसऱ्याला विचारलं की फक्त गॅरेजसमोरचा आणि खालचा असे दोन तुकडे कापून खडीपासून करून देशील का, आधी नको म्हणाला, मग तयार झाला, तीन हजारांच्या आसपास, मधल्या भेगांचं फिलर धरून. दाराकडून बाहेरच्या दिशेने उतार काढणार हे करारात लिहून घेतलंय. तो खोदायच्या आधी ८११ ला (जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन्स खुणा करून दाखवणारी फोन सेवा) कळवणार आहे. फुटपाथपलीकडचा रस्त्याला टेकणारा तुकडा, म्हणजे अ‍ॅप्रन व्हिलेजच्या (इथल्या नगरपालिकेच्या) हद्दीत येतो, त्याला परमिट लागतं, ते तोच काढतोय. पाइप मी या वीकेंडला लांबवून लॉनकडे वळवतो.
पूर्ण नवा करायचा झाला तर दोन हिवाळे बघून, तोवर मधला पट्टा काय म्हणतो ते कळेल.

प्रेषक: बापूकाका

बरोबर. खडी थराथराने दाबून घे, एकदम ओतून वरून एकदा रोलर फिरवला तर पैसे देऊ नकोस. स्वतः उभा राहा, ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघत बसू नकोस. कापलेल्या कडांना चिकट डांबराचा हात मारायला सांग, जुन्या-नव्याच्या सांध्यातूनच पाणी परत शिरतं.

प्रेषक: मनू

हो काका. आणि कोषाध्यक्ष, ताजं डांबर उन्हात मऊ असतं, यंदा ट्रक ड्राइव्हवेवर चढणार नाही, रस्त्यावरच उभा राहील.

प्रेषक: कोषाध्यक्ष

ठीक आहे, पण मग प्लायवूड हातांनी रस्त्यापर्यंत न्यावं लागेल. शनिवारी सकाळी नऊला सहा माणसं हवीत, कंबर धड असलेली. ट्रॉली कोणाकडे आहे?

प्रेषक: नाना

ट्रॉली माझ्याकडे. मी येतो, पण उचलणार नाही. बादलीवर अ‍ॅस्फाल्ट लिहिलंय, अदितीला सांगा.