फायनल ड्राइव्ह बदलू की हलकं फ्लायव्हील टाकू?

मदत हवी आहे. गाडी १.२ लिटर पेट्रोल, ५ गिअर मॅन्युअल, टर्बो नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप हवाय, टॉप स्पीड थोडा गेला तरी चालेल. प्लग, एअर फिल्टर नवे आहेत, क्लच घसरत नाही, टायरमध्ये हवा बरोबर. इंजिन उघडायचं नाही.

फायनल ड्राइव्हचं (चाकांकडे जाताना लागणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण ४.१ वरून ४.५ केलं तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १० टक्के वाढतो. पण आज पाचव्या गिअरमध्ये ज्या वेगाला ३००० आरपीएम लागतात, तिथे ३३०० लागतील. रोज हायवेनेच जातो, म्हणून इथेच अडलोय. फ्लायव्हील म्हणजे इंजिनला जोडलेली जड फिरती चकती; ती हलकी टाकली तर फायदा खालच्या गिअरमध्येच जास्त, शिवाय ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी बंद पडेल अशी भीती वाटते.

गिअरबॉक्स एकदाच उतरवणार आहे. दोन्ही एकत्र करावं, की नुसता फायनल ड्राइव्ह पुरेल?