गायतोंड्यांचं चित्र बघून काहीच वाटलं नाही, म्हणजे मी अडाणी?

पोक्त_बोका:
परवा मित्राने ओढत नेलं म्हणून एका प्रदर्शनात गेलो. चित्रकार वासुदेव गायतोंडे. मोठ्ठा कॅनव्हास, पिवळसर-करडा, मध्येमध्ये कसलेतरी डाग. मित्र हात मागे बांधून दहा मिनिटं समोर उभा आणि मी एसीची हवा खातोय. २०२१ ला यांचं एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलंय. बाहेर आल्यावर म्हटलं मला नाही झेपलं बाबा, तर म्हणतो "तुझी नजर तयार नाहीये". आता आमच्या आजीच्या देव्हाऱ्याशेजारी रविवर्म्याची लक्ष्मी होती, छापील, कोपऱ्यात वाळवी लागलेली, ती आठवली तरी अजून बरं वाटतं, त्यासाठी कोणी माझी नजर बिजर तयार केली नव्हती. मला आवडतं ते सुंदर, बाकी कोटींचा खेळ. बोला.

शेवंती:
मला कारल्याची भाजी आवडते, तुम्हाला नाही, विषय संपला. पण त्या लक्ष्मीला कोणी भिकार म्हटलं तर तुम्ही अंगावर धावून जाल की नाही? जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९० मध्ये हेच सांगून गेलाय, 'सुंदर' म्हटलं की समोरच्यानेही मान डोलवावी असा आपला हट्ट असतो, आणि गंमत म्हणजे ते सिद्ध करायला नियम एकही नाही. आणि नजर तयार केली नाही कसं? रोज दिवेलागणीला ती समोर होती, तीच तालीम.

गावठी_रसिक:
बोका +१. १८९४ ला रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, घराघरात देव पोचले. आणि जाणकार काय म्हणाले? आनंद कुमारस्वामींसारख्या कलासमीक्षकांनी नाटकी, पाश्चात्त्य वळणाचं म्हणून झोडपलं. आज त्याच प्रिंटा लोक शोधशोधून फ्रेम करतात. मग तेव्हाची तयार नजर कुठे गेली होती??

जुनाट_पेन्सिल:
मी थोडंफार रंगवतो म्हणून बोलतो. गायतोंडे रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, परत चढवायचे, वर्षाला मोजकीच चित्रं. 'अमूर्त' हा शब्दसुद्धा त्यांना पसंत नव्हता, चित्रात कुठली वस्तू दाखवायचीच नसते, त्यामुळे 'हे काय आहे' विचारत उभं राहिलात की वैतागच येणार. जवळ जाऊन कडेने बघा, खालचा रंग वरच्यातून कुठे डोकावतो ते.
स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरच्या निबंधात 'डॉन किहोटे' कादंबरीतला किस्सा दिलाय. दोघं जण पिंपातली वाइन चाखतात, एक म्हणतो छान आहे पण किंचित चामड्याची चव लागते, दुसरा म्हणतो लोखंडाची. सगळे खो खो हसतात. पिंप रिकामं झालं तर तळाशी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली. तर मुद्दा असा की जीभ तयार असते काहींची, हे मान्य करायला इतका त्रास का होतो?

गावठी_रसिक:
वाइनच्या पिंपात किल्ली सापडते हो, कॅनव्हासच्या तळाशी काय सापडणार? डच चित्रकार मोंड्रियानचं १९४१ चं चिकटपट्ट्यांचं चित्र, 'न्यू यॉर्क सिटी १', १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागलं तेव्हापासून उलटं! २०२२ ला कळलं. पंच्याहत्तरेक वर्षं जगभरचे तयार नजरवाले त्याच्यासमोर हनुवटीला हात लावून उभे 😂

शेवंती:
आणि ते ओळखलं कोणी? जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या म्युझियममधल्या क्युरेटरबाईंनीच ना, दाट पट्ट्या खाली नाही, आकाशासारख्या वर असायला हव्यात असं त्यांना वाटलं. मग १९४४ चा स्टुडिओतला फोटो बघितला तर त्यात तसंच. घ्या तुमची किल्ली.

पोक्त_बोका:
बरं, किल्ली मिळाली. पण उलटं असतानाही लोकांना ते सुंदर वाटत होतं, ते काय खोटं वाटत होतं? याचं उत्तर पेन्सिलकाकांनी द्यावं.

जुनाट_पेन्सिल:
खोटं नाही. पण हे माझ्या बाजूचं आहे की तुमच्या, ते मलाच कळेना.

गावठी_रसिक:
आणि कळल्यावर तरी सरळ केलं का? नाही. जुन्या पट्ट्या सुटतील म्हणून तसंच ठेवलंय.