उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचा अभ्यास: नमुना ओपीडीतून घ्यावा का?

प्रश्न:
गरीब वस्त्यांतल्या लोकांना उपचार का मिळत नाहीत, यावर सर्वेक्षण आखतो आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ३८४ मुलाखती घ्यायच्या ठरवल्या आहेत (प्रमाण ५० टक्के, अचूकता ±५, विश्वासपातळी ९५ टक्के). एवढ्या पुरतील का? आणि 'उपचार मिळाले' हे कसं मोजायचं?

उत्तर १:
आकड्याआधी जागा बदला. ओपीडीत भेटतो तो पोचलेला माणूस. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ज्यांनी दुखणं अंगावर काढलं, ते तिथे नसतातच, आणि तुमचा प्रश्न त्यांचाच आहे. घरोघरी जा. जुन्या घरयादीतून भाडेकरू आणि बांधकामावर राहणारे निसटतात, म्हणून घरं स्वतः मोजा. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. तीन फेऱ्या मारा, एक तरी संध्याकाळी. दिवसा बंद असलेली घरं बहुधा कामावर गेलेल्यांची असतात.

उत्तर २:
३८४ हा साध्या यादृच्छिक नमुन्याचा आकडा. एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्याला डिझाइन इफेक्टने, म्हणजे या सारखेपणासाठी नमुना किती पट वाढवायचा त्या आकड्याने, गुणावं लागतं: १ + (प्रत्येक समूहातली, म्हणजे एका गल्लीतून घेतलेली, घरं − १) × आयसीसी. आयसीसी म्हणजे एका समूहातली घरं एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत त्याचं माप. आयसीसी ०.०५ धरला, तर समूहामागे २० घरं घेतल्यास १.९५, म्हणजे ७४९ घरं. १० घेतल्यास १.४५, म्हणजे ५५७. समूह वाढवा, त्यातली घरं कमी करा. १० टक्के नकार धरून ५५७ चे ६१९ होतात. दोन गटांची तुलना करायची असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागेल.

उत्तर ३:
नुसतं 'आजारी होता का?' विचारलं तर गरीब घरांत आजार कमी नोंदवला जातो, कारण काम थांबेपर्यंत त्याला आजार म्हणतच नाहीत. लक्षणं एकेक करून विचारा: ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला, जखम. रक्तदाब प्रत्यक्ष मोजा. साध्या आजारासाठी मागचे १५ ते ३० दिवस विचारा, रुग्णालयात भरती होण्यासाठी मागचं एक वर्ष.

पेन्चान्स्की आणि थॉमस या संशोधकांनी १९८१ मध्ये उपचारांपर्यंत पोचण्याचे उपलब्धता, अंतर, सोयीची वेळ, परवडणं आणि स्वीकारार्हता असे पाच पैलू मांडले. 'का गेला नाहीत?' या प्रश्नाखाली पाचही ठेवा.

खर्चात मोठी फसगत होते. उत्पन्नाच्या १० टक्क्यांवर खर्च म्हणजे संकट, या मोजमापात जो गेलाच नाही त्याचा खर्च शून्य. तो 'सुरक्षित' ठरतो! न घेतलेले उपचार वेगळे मोजा. प्रवासभाडं, बुडालेली मजुरी, कर्जही नोंदवा.

उत्तर ४:
गरीब आणि श्रीमंत यांच्यातली दरी फरक आणि गुणोत्तर अशा दोन्ही प्रकारे मांडा. समजा गरिबांचा मृत्युदर ४० आणि श्रीमंतांचा २० होता, ते ३० आणि १२ झाले. फरक २० वरून १८ वर आला, गुणोत्तर मात्र २ वरून २.५ वर गेलं. एकच आकडा छापला तर निम्मंच खरं सांगितलं जातं.