उबुंटू बदललं आणि जुना सी प्रोजेक्ट लिंक होईना, मदत हवी

मेघमल्हार: नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबमधला मोटर कंट्रोलचा सी प्रोजेक्ट उबुंटू २०.०४ वर विनातक्रार बिल्ड व्हायचा. २२.०४ टाकलं आणि 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ मोड' (मोड या व्हेरिएबलची व्याख्या अनेकदा झालीय) अशा ओळींचा पूर. लॅपटॉप ४ जीबीचा, खर्च शून्य, आणि कोड सरांचा, त्याला हात लावायचा नाही. सोमवारी डेमो आहे.

कोकणकडा: ४ जीबीत काय होणार? रॅम वाढवा, एसएसडी टाका. माझं बिल्ड आता चहा गाळेपर्यंत तयार.

पेंग्विनप्रेमी: आधी मेक क्लीन करा, मागच्या बिल्डच्या फायली पुसल्या जातील.

रानवारा: रॅमचा काय संबंध? २०२० मध्ये जीसीसी या सी कंपाइलरची आवृत्ती १० आली तेव्हा डिफॉल्ट बदललं. हेडरमध्ये नुसतं 'इंट मोड;' असणार आणि तो हेडर बऱ्याच फायलींत घेतलेला. जीसीसी ९ पर्यंत अशा सगळ्या मोडची एकच मोट बांधली जायची. आता प्रत्येक फायलीतली व्याख्या वेगळी धरतात. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' (व्याख्या दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) लावा, खरी व्याख्या एकाच सी फायलीत ठेवा.

मेघमल्हार: कोड बदलायचा नाही हो, वर लिहिलंय.

डेबियनदादा: मग 'मेक सीफ्लॅग्ज=-एफकॉमन' द्या. हा फ्लॅग कंपाइलरला जुन्यासारखी मोट बांधायला सांगतो.

मेघमल्हार: केलं दादा. आता कॉन्फिग.एच सापडत नाही म्हणतंय.

रानवारा: म्हणणारच. कमांडवर सीफ्लॅग्ज दिलं की मेकफाइलमधलं (बिल्डच्या सूचनांच्या फायलीतलं) सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपाइलरच्या पर्यायांची यादी, बाद होतं. हेडरचे पाथ त्यातच असणार, तेही गेले. त्यापेक्षा 'मेक सीसी="जीसीसी -एफकॉमन"' द्या, सीसी म्हणजे वापरायचा कंपाइलर. आणि आधी मेक क्लीन कराच, कारण हा फ्लॅग कंपाइल करताना लागतो. आधी कंपाइल झालेल्या जुन्या ओ फायली तशाच राहिल्या तर त्या जोडणारा लिंकर तेच रडगाणं गाणार.

पेंग्विनप्रेमी: मी मघाशी तेच म्हटलं होतं.

कोकणकडा: मेक सोडा, सीमेक घ्या, ते मेकफाइल स्वतःच तयार करतं. टॅबच्या जागी स्पेस पडल्या म्हणून 'मिसिंग सेपरेटर' बघत माझी अख्खी रात्र गेलीय.

डेबियनदादा: सीमेक काय सुखाचं आहे? जुन्या प्रोजेक्टात किमान आवृत्ती ३.५ च्या खालची लिहिली असेल तर सीमेक ४ दारातच अडवतं.

कोकणकडा: एक आकडा बदलायचा, त्यात काय.

मेघमल्हार: आभार सगळ्यांचे. सरांच्या मशीनवर जीसीसी ९ च आहे, म्हणून मीही तेच घेतलं. २२.०४ च्या रिपॉझिटरीत जीसीसी-९ मिळतं. मेक क्लीन, मग 'मेक सीसी=जीसीसी-९'. लिंक झालं, मोटर फिरली.

रानवारा: डेमोपुरतं ठीक. पण डेमो झाला की सरांना एक्स्टर्नचं सांगाच. पुढच्या बॅचला तोच हेडर मिळणार आहे.